माडी आणि वाडा

पुण्यात कुणाला सांगितलं की मी नांदेड-लातूरकडे निघालोय, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : तिकडे बघण्यासारखं काय आहे? मीही ठरलेलं उत्तर देत आलोय. नांदेडचा गुरुद्वारा बघा. पाऊस सरता सरता गेलात तर इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा बघा. उदगीरचा किल्ला बघा. एका ठिकाणाचं नाव मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही. जळकोट तालुक्यात, आमच्या गावाच्या शिवेवर, एका स्वातंत्र्यसेनानीचं स्मारक-संग्रहालय आहे. आधी इंग्रजांच्या आणि मग निजामाच्या तुरुंगात राहिलेला हा माणूस पुढे देशभर मोठा झाला, पण आमच्याकडे त्यांना अजून नुसतं ‘मास्तर’ म्हणतात. तिथले फलक मी लिहिलेले आहेत. त्यातल्या एका फलकावर एक शब्द खोटा आहे, आणि तो चुकून पडलेला नाही.

या वेळी गेलो तो त्या शब्दापाशीच. झालं असं, की मिलिंदचा फोन आला. मिलिंद माझा शाळेतला सोबती, लातूरला विजेच्या खात्यात इंजिनिअर आहे. म्हणाला, “येळवसच्या सणाला ये. आत्याला मास्तरांचं म्युझियम परत एकदा बघायचंय. ज्यानं लिवलं त्याच्याच तोंडून वाचून घ्यायचं म्हणून बसलीय.”

“माझ्याच कशाला? तू वाचून दाखव की.”

“मी दाखवलंय. तिला तू पायजेस.”

चंद्रभागाआत्या म्हणजे मिलिंदच्या वडिलांची थोरली बहीण. वयाने ऐंशीच्या पुढे, अक्षरओळख नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी खिडकीशी उभा होतो. कारण तो फलक तिच्याच घराबद्दल आहे, आणि ते तिथे लिहिलेलं नाही.

नांदेड

सकाळी गाडीतून उतरलो आणि स्टेशनबाहेर सुशीला खाल्ली. हे वाक्य पुण्यात म्हटलं तर लोक दचकतात. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी; वर दाण्याचा कूट, कोथिंबीर, बाजूला तळलेली मिरची. पोह्यांपेक्षा हलकी आणि पोह्यांपेक्षा तिखट. हॉटेलवाल्याने न विचारता दुसरी बशी भरली. “पुण्याहून आले जनू,” म्हणाला. “कसं ओळखलं?” तर म्हणे, “चमचा मागितला की तुम्ही.”

मी गप्प राहून चमचा खाली ठेवला. गप्प राहणं मला चांगलं जमतं. घरात, नोकरीत, सगळीकडे लोक मला शांत माणूस म्हणतात. त्यात थोडा स्वभाव आहे आणि बराचसा हा फलक आहे.

मुक्काम नांदेडलाच केला. गोदावरीच्या घाटावर संध्याकाळी बसलो. नदीत पाणी होतं, पण आमच्या बाजूला माणसाला नदीपेक्षा विहिरीचं प्रेम जास्त, त्यामुळे घाटावर मी नवख्यासारखाच बसलो होतो. दुसऱ्या दिवशी काय बोलायचं याची वाक्यं मनात जुळवत होतो. मराठी शिकवण्यात हयात गेली आहे, वाक्यं जुळतात. बोलली जात नाहीत, एवढंच.

मुखेडहून पुढे, येळवस

वेळा अमावस्या. आमच्याकडे येळवस. लातूरकडे या दिवशी गावंच्या गावं शेतात जाऊन जेवतात आणि बाजारपेठा अशा ओस पडतात की परक्या माणसाला संचारबंदी वाटावी. मुखेडपर्यंत एसटीला थोडी माणसं होती. पुढच्या गाडीत मी, एक पोतं आणि कंडक्टर.

“आज गावात कोन ऱ्हातंय साहेब?” कंडक्टर म्हणाला. “आमी पन ड्युटी लागली म्हनून फिरून राहिलो. न्हाईतर आतापातूर दोन तांबे आंबिल झालं असतं.” आंबिलाच्या आठवणीत तो माझा थांबा विसरला आणि मीही खिडकीबाहेर बघत राहिलो. फाट्याच्या बरंच पुढे उतरलो आणि मागे चालत आलो.

त्याचं वाईट वाटलं नाही. बालाघाटचे हे डोंगर उंच नाहीत, नुसती पाठ वर काढून बसल्यासारखे. खाली काळं रान. तूर शेंगांनी वाकलेली, ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभरा घाट्यांवर. प्रत्येक शेतात कडब्याची कोप उभी आणि कोपीतून धूर. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून जेवायला बसवायचं, ही या दिवसाची रीत. मला वाटेत चार ठिकाणांहून हाका आल्या. पुण्यात शेजारी नवीन माणूस राहायला आला तर आम्ही आधी त्याच्या दारावरची पाटी वाचतो.

पण या रितीला आमच्या लहानपणी एक कड होती, ती सांगायला हवी. आमच्या कोपीत आम्ही जेवायचो. चंद्रभागाच्या घरचे लोक आमच्याच रानात राबायचे; ते घरून भांडं घेऊन यायचे आणि बांधावर बसायचे. आई भज्जी वरून वाढायची. मी, सहा-सात वर्षांचं पोर, माझ्या आईपेक्षा वयाने थोर असलेल्या त्या बाईला “चंद्रभागे, इकडं ये” म्हणायचो. ती मला “धाकले मालक” म्हणायची.

मिलिंदचं शेत आमच्या जुन्या रानाला लागूनच आहे. त्याने नोकरीच्या पैशातून घेतलं. कोपीच्या दारात आत्या बसली होती. बारीक झालेली, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, पण आवाज तोच.

मी वाकून म्हणालो, “आत्या, बऱ्या आहात का?”

“आत्या कवापून झाले मी तुमची?” ती म्हणाली. “या, धाकले मालक. कोपीत वाढू का बांदावर बसता?”

मिलिंद हसला. त्याची बायको हसली. मीही हसलो.

कोपीत बसलो. पूजेचे पाच दगड, म्हणजे पांडव, मांडलेले नव्हते. “आमी पूजा सोडली छप्पनला,” आत्याने सांगितलं, “भज्जी न्हाई सोडली. बाबासायबानं भज्जी सोडा म्हनलंच न्हवतं.” ही भज्जी म्हणजे भजी नव्हे. वाल, तूर, वाटाणा, हरभऱ्याची कोवळी पानं, मेथी, गाजर, हिरवी चिंच, रानात त्या दिवसांत जे जे हिरवं असेल ते सगळं बेसन लावून शिजवलेलं. सोबत बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे म्हणजे उंडे, आंबट भात, गव्हाची खीर, आणि मडक्यातलं गार आंबिल. मी आंबिलाचा तांब्या घाईने तोंडाला लावला आणि अर्धं शर्टावर सांडलं.

“पुन्यात पेत न्हाईत का हे?” आत्याने विचारलं.

“नाही मिळत.”

“मंग काय पेता?” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता, “उद्या वाचून दावा बगा. मिलिंदा वाचतो, पन गडबडीनं वाचतो. ‘वाड्यात मास्तर राहिले’ एवढंच ऐकू येतं. तेवढ्यानं पन माझं पोट भरतं. पन लिवणाऱ्यानं वाचलेलं निराळं.”

मी मिलिंदकडे बघितलं. तो उंडा मोडत होता. वर बघितलं नाही.

‘वाड्यात’ म्हणजे कुठे

आता ते सांगतो.

आमच्या गावात ‘वाडा’ या शब्दाचा एकच अर्थ होता. शहरातल्या वाचकांना वाडा म्हटलं की चौक, तुळया, पाटलाचं घर दिसतं. आम्ही गावचे पाटील, पण आमच्या घराला गावात कुणी कधी वाडा म्हटलं नाही. आमची ती ‘माडी’. ‘माडीवर जाऊन ये’, ‘माडीवाल्यांचं रान’. आणि ‘वाडा’ म्हणजे ओढ्यापलीकडचा महारवाडा. धर्मांतरानंतर तिथे विहार झालं, कमान लागली, नाव बदललं, तरी बोलताना वरचं सगळं गाव ‘वाड्यात’च म्हणत राहिलं. वाडा म्हणजे तोच, यात गावातल्या शेळीचाही गोंधळ झाला नसता.

संग्रहालय उभं राहत होतं तेव्हा मी एम.ए. करत होतो. समितीने फलक लिहायचं काम मला दिलं. मास्तर तेव्हा खूप थकले होते. मी उदगीरला त्यांच्याकडे जाऊन बसायचो. एकदा त्यांनी निजामाच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं. पोलीस आणि रझाकार मागावर होते, आणि आमच्या गावाने त्यांना आसरा दिला. त्यांचे शब्द मला पाठ आहेत : “मी वाड्यात होतो. सोनाबाईनं मला कडब्याच्या गंजीत लपवलं. तिची पोर भाकर आणून द्यायची.”

सोनाबाई म्हणजे चंद्रभागाआत्याची आई. पोर म्हणजे आत्या.

घरी येऊन मी मजकूर लिहायला घेतला. वडील मागे येऊन उभे राहिले. त्यांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, “वाड्यात म्हणजे?”

त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. त्यांनी खोटं लिही असं म्हटलं नाही. हे मी त्यांच्यावर ढकलणार नाही, आता ते नाहीत म्हणून तर नाहीच. ते नुसते उभे राहिले. मी सोनाबाईचं नाव गाळलं, आणि ‘वाड्यात’च्या आधी ‘पाटलांच्या’ असा शब्द घातला. ‘पाटलांच्या वाड्यात मास्तर भूमिगत राहिले.’ वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं.

उद्घाटनाआधी मास्तर गेले. वडिलांना शाल मिळाली. पुढे दर सप्टेंबरात, मुक्तिसंग्रामाच्या झेंडावंदनाला, त्यांची खुर्ची पहिल्या ओळीत असायची. आणि आमच्या घराला लोक हळूहळू ‘वाडा’ म्हणायला लागले. फलकावर लिहिलं होतं ना.

संग्रहालय

दुसऱ्या दिवशी मिलिंदच्या गाडीतून तिघं निघालो. आत्या पुढे बसली. ती खास राखून ठेवलेलं पांढरं लुगडं नेसली होती, घडीच्या रेघा अजून दिसत होत्या.

संग्रहालय छान आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. बाहेर कडुलिंब, पारावर बसायला जागा. पहिल्या दालनात मास्तरांचा चरखा, चष्मा, खादीचा सदरा. सदरा इतका लहान की एवढासा माणूस एवढ्या सरकारांना कसा पुरून उरला असं वाटतं. दुसऱ्यात कोठडीची प्रतिकृती. आत प्लास्टरचा कैदी बसवलाय. कारागिराने मास्तरांना इतकं गुटगुटीत केलंय, की आत्या गजातून बघून म्हणाली, “ह्यो लई खाऊन राहिलाय तुरुंगात.”

तिसऱ्या दालनात पाय ठेवला आणि वीज गेली. त्या दालनाला खिडकी नाही.

“घ्या,” आत्या अंधारातून म्हणाली. “लाइटीचा साहेब संगं, आन् हे असं.”

“आत्या, मी रजेवर हाय.”

“म्हनूनच गेली आसंल.”

मिलिंदने मोबाइलचा उजेड लावला आणि भिंतीवर धरला. उजेडात नेमका तोच फलक आला. अक्षरं पिवळी पडलीत, पण स्वच्छ वाचता येतात. आत्याने भिंत चाचपली आणि फलकाच्या काठावर तळहात ठेवला.

“हेच न्हवं का?”

“हेच.”

“वाचा मग.”

मी सुरुवात केली. गावाचं नाव वाचलं. परिस्थितीचं वर्णन वाचलं. तेव्हा मला अलंकारिक लिहायची हौस होती, ते वाचताना लाज वाटली. आणि त्या शब्दाच्या आधी थांबलो.

तेवढ्यात मिलिंद माझ्या कानाशी आला. अगदी हळू म्हणाला, “तेवढा शब्द सोडून दे. मी दर वेळी सोडतो.”

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने तो फलक वाचला, आणि आत्याला वाचून दाखवताना मी घातलेला शब्द काढून टाकत राहिला. गडबडीने वाचतो म्हणून तिची तक्रार होती, ती यासाठी. मी गावी यायचो, तो मला चहा पाजायचा, पोरांची चौकशी करायचा.

सोडून देणं सोपं होतं. माझ्या तोंडात ते वाक्य तसं तयारही झालं होतं. म्हातारी खूश झाली असती, मिलिंदने तर मला स्वतःहून वाट करून दिली होती. पण मग मी त्या शब्दाचं दुसऱ्यांदा तेच केलं असतं. समोरच्या माणसाला बरं वाटावं म्हणून.

मी वाचलं : “पाटलांच्या वाड्यात मास्तर भूमिगत राहिले.”

आत्याने मान माझ्याकडे वळवली.

“कुनाच्या?”

“पाटलांच्या. म्हणजे आमच्या. आत्या, मास्तरांनी असं सांगितलं नव्हतं. त्यांनी सोनाबाईचं नाव घेतलं होतं. तुमचंही सांगितलं होतं, पोर भाकर आणायची म्हणून. मी ते गाळलं आणि हा शब्द घातला. कुणी सांगितलं नव्हतं. मीच घातला.”

आत्याने फलकावरचा हात काढला.

“माडीला वाडा कवापून म्हनाय लागले?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होती. मग एकदम मिलिंदकडे वळली. “आन् तू रे? मला अर्धं वाचून दावत व्हतास? मला काय येडी समजला?”

“तुला बरं वाटावं म्हनून, आत्या.”

“हाव. समद्यास्नी कुनाला तरी बरंच वाटवायचं हाय.”

ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. आम्ही दोघंही बसलो. उजेड जमिनीवर पडला. मग ती सांगायला लागली, आमच्याकडे न बघता. शेणाच्या पाटीखाली फडक्यात भाकर. रस्त्यात बंदूकवाले बसलेले. त्यातल्या एकाने हाक मारून विचारलं, पोरी, पाटीत काय हाय? तर म्हणाली, शेन हाय, घेता का? ते हसले आणि पोर पुढे गेली. घरी आल्यावर भीतीने तिला हगवण लागली.

“मायनं शपथ घातली, घराबाहेर कुनाला सांगायचं न्हाई म्हनून. मंग पोलीस ॲक्शन झालं, निजाम गेला, मास्तर मोठे झाले. माय मेली. पन ती शपथ आता सुटली म्हनून आमाला कुनी सांगितलंच न्हाई. मी वाट बगत ऱ्हायले. मंग हे म्युझियम झालं. म्हनलं, आपन न्हाई बोललो, पन भिंत बोलली.”

वीज आली. तिघांनी डोळे मिचकावले. उजेडात ती मला फार लहान दिसली, आणि मला तिच्याकडे बघवेना. मी “मला माफ करा” म्हटलं. हे वाक्य मी नांदेडच्या घाटावर किती तऱ्हांनी जुळवलं होतं. निघालं तेव्हा एवढंच निघालं.

तिने पदर सावरला. “उठव मला,” म्हणाली, आणि हात पुढे केला.

बाहेर पारावर समितीचे सचिव बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते माझ्याकडे, मग आत्याकडे, मग परत माझ्याकडे बघत राहिले. “मालक, आता कशाला उकरता? वडिलांचं नाव जोडलेलं हाय त्याला. फार तर ‘पाटलांच्या’ काढून टाकू. नुसतं ‘वाड्यात’ ठेवू. कुनाचंच वाकडं न्हाई.”

मला ते पटल्यासारखं झालं, हेही कबूल करतो. तेवढ्यात आत्या म्हणाली, “न्हाई.”

“का वं, माय?”

“नुस्तं वाड्यात म्हनलं की शेरातली मानसं माडीच समजतेत. ह्येनं लिवून ठेवलंय ना तसं लोकाच्या डोक्यात. माझ्या मायचं नाव लाव. सोनाबाईच्या घरात म्हन. कडब्यात म्हन. आन् शेनाच्या पाटीचं पन लिव.”

“शेनाचं कसं लिवावं फलकावर?” सचिव म्हणाले.

“का? भाकर तिच्याखालीच व्हती की.”

सचिवांनी बैठकीत विषय ठेवतो म्हणून सांगितलं.

जळकोट

परतीची गाडी जळकोटहून होती. स्टँडवर आत्या गाडीतून उतरली नाही. आदल्या दिवशीची भज्जी तिने डब्यात भरून आणली होती. शिळी भज्जी ताज्यापेक्षा चांगली लागते, हे तुम्हाला तिकडचा कुणीही सांगेल. काच खाली करून डबा माझ्या हातात दिला.

मिलिंद माझ्यासोबत फलाटापर्यंत आला. मी म्हटलं, “इतकी वर्षं तू मला काही बोलला का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून,” तो म्हणाला. जरा वेळाने, “मग नंतर नंतर वाटलं, नाही बोलणार.” त्याने माझी बॅग गाडीत ठेवली. पूर्वीसारखी पाठीवर थाप मारली नाही. ती मी मागूही शकत नाही.

गाडी सुटताना आत्याचा आवाज आला. “सुधाकर! डबा परत आनून दे. स्टीलचा हाय.”

तिने मला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. धाकले मालक नाही, अहो-जाहो नाही. डबा मांडीवर धरून उदगीरपर्यंत बसलो.

हे लिहितोय तोवर समितीची बैठक झालेली नाही. मी दर आठवड्याला सचिवांना फोन करतो. आता ते माझा आवाज ओळखून आधीच “ठेवतो, ठेवतो” म्हणतात. डबा घासून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलाय, झेंडावंदनाला घेऊन जाणार आहे. त्याआधी तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलंच, तर तिसऱ्या दालनात डाव्या भिंतीवर तो फलक आहे. बॅटरी सोबत ठेवा, तिथे अंधार असतो. जिथे ‘पाटलांच्या वाड्यात’ असं दिसेल, तिथे ‘सोनाबाईच्या घरात’ असं वाचा. आणि मोठ्याने वाचा. जवळ उभं असलेल्या एखाद्याला वाचता येत नसेल.